चारनंतरचा हिरवा

चारनंतर हिरवा येतो, ही गोष्ट आमच्या कोर्टात पट्टेवाल्यापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. का येतो, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. मीही नाही. सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलाच्या डोक्यावर इतकी कामं असतात की जे चाललंय ते का चाललंय, हा प्रश्न त्याला परवडत नाही.

हिरवा म्हणजे दिवा. न्यायाधीशांच्या चेंबरच्या दारावर तो लावलेला होता. आरोपी आत गेला, दार लागलं की बाहेरच्या बाकांवरचे सगळे त्या दिव्याकडे बघत बसायचे. हिरवा लागला की माणूस सुटला. लाल लागला की पुढची तारीख.

कबुली-तडजोड हा प्रकार कायद्यात बऱ्याच वर्षांपासून होता. आरोपीने गुन्हा कबूल करायचा, त्याबदल्यात शिक्षा कमी व्हायची, खटला चालवायचा नाही. सुरुवातीला तो लहानसहान गुन्ह्यांपुरता होता आणि फारसं कुणी त्याच्या वाटेला जात नसे. त्यात एक अट होती. आरोपी स्वतःच्या मर्जीने कबुली देतो आहे ना, याची न्यायाधीशांनी बंद खोलीत, दुसरा पक्ष हजर नसताना खात्री करून घ्यायची. आता समोरच्याची मर्जी न्यायाधीशाला कशी दिसणार? बायकोला नवऱ्याची दिसत नाही. मग यंत्र आलं. सरकारी नाव स्वेच्छामापक. आमच्याकडे सगळे त्याला ‘मर्जी’ म्हणायचे.

यंत्र तसं साधं होतं. मनगटाला एक पट्टा, कपाळाला दोन चकत्या, समोर डोळ्यांच्या बाहुल्या टिपणारा कॅमेरा. माणूस मनाविरुद्ध बोलतो तेव्हा त्याच्या शरीरात ओढाताण होते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, तळहाताला दिसणार नाही इतका घाम सुटतो, बाहुल्या मोठ्या होतात, आणि शब्द तोंडातून निघण्याआधी मेंदूच्या पुढच्या भागात ब्रेक लागल्याची लहर उमटते. हे सगळं एकत्र करून यंत्र त्या ओढाताणीचा आकडा काढतं. आकडा हद्दीच्या वर गेला की लाल, खाली राहिला की हिरवा. म्हणजे खरं तर ते मर्जी मोजत नाही, विरोध मोजतं. विरोध दिसला नाही की मर्जी आहे, असं धरून चालतं. हे कुणी लपवून ठेवलेलं नव्हतं. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, आम्ही कुणी ते उघडलं नव्हतं.

यंत्र आल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. खात्री करून घ्यायची जबाबदारी आता दिव्यावर होती. मग मोठे गुन्हेही तडजोडीत आले, आणि दोन-चार वर्षांत खटले चालणंच बंद पडल्यासारखं झालं. शुक्रवारी दुपार खटल्यांसाठी राखून ठेवलेली असायची, पण त्या दुपारी कोर्टात पंख्यांशिवाय काही चालत नसे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गुंडाप्पा पट्टेवाल्याने प्रिंटरच्या कागदाचे खोके रचून ठेवले होते. कुणी काही म्हणालं नाही. जागा रिकामीच होती.

आणि चारनंतर हिरवा यायचा. सकाळी लाल येणारा माणूसही चारनंतर हिरवा यायचा. म्हणून तडजोडीची प्रकरणं चारनंतर पुकारायची, असा रिवाजच पडून गेला. आरोपींना तुरुंगाच्या गाडीतून सकाळी आणायचं, कोर्टामागच्या कोठडीत बसवायचं, चारनंतर वर घ्यायचं. माणूस शांत व्हायला वेळ लागतो, असं आमचे रणदिवे साहेब म्हणायचे. साहेब वाईट नव्हते. गुडघे दुखायचे त्यांचे, आणि निवृत्ती जवळ आली होती.

बाबासो चौगुलेचं प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा मी ते चारनंतरच्या गठ्ठ्यात टाकलं.

आमचं गाव यंत्रमागांचं. कापड रंगवणारे कारखाने नदीकडच्या बाजूला आहेत. त्यातल्या एका कारखान्यात बाबासो बॉयलरवर होता. पन्नाशीचा, सरकारी परीक्षा पास झालेला बॉयलर अटेंडंट. हाताखाली त्याच्या बहिणीचा मुलगा सौरभ, बाबासोनेच लावून घेतलेला. गेल्या दिवाळीआधी बॉयलर फुटला आणि सौरभ गेला. वाफेचा दाब हद्दीपलीकडे गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडून वाफ सोडून देतो. स्फोटानंतर त्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमध्ये एक बोल्ट अडकवलेला सापडला. व्हॉल्व्ह उघडू नये, दाब चढलेला राहावा आणि रंगाई लवकर उरकावी, म्हणून असले उद्योग करतात. कारखान्याच्या मॅनेजरने जबाब दिला की बोल्ट बाबासोने घातला. पाळी बाबासोची होती. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला.

बाबासोचं म्हणणं वेगळं होतं. “बोल्ट आदल्या आठवड्यात मलाच दिसलावता. मी काढला. मॅनेजरला सांगितलं, असलं काय करू नका. त्या दिवशी त्यानं मला गेटावर बोलवून घेतलं. मी येईस्तवर झालं समदं.”

हे तो मला पहिल्या भेटीत म्हणाला तेव्हा उभा राहून, हात हलवून म्हणाला. दुसऱ्या भेटीत बसून म्हणाला. नंतर त्याने ते म्हणणं सोडून दिलं, आणि मी विचारणंही. जामिनाचा अर्ज एकदा फेटाळला गेला, दुसऱ्याला तारीख मिळेना. तडजोडीला तयार असाल तर लगेच, नसाल तर रांगेत, अशी पद्धत होती. तुरुंगात माणसं पाळीपाळीने झोपत होती.

तडजोडीच्या बैठकीत पीडित पक्षालाही बोलवावं लागतं. बाबासोच्या प्रकरणात पीडित पक्ष म्हणजे सौरभची आई, आनंदीबाई. बाबासोची सख्खी थोरली बहीण. टेबलाच्या एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला बहीण, मध्ये मी आणि सरकारी वकील. अशी बैठक मी तोवर पाहिली नव्हती.

सरकारी वकिलांनी अटी वाचल्या. गुन्हा कबूल केला तर आत काढलेला काळ हीच शिक्षा, आणि त्याच संध्याकाळी सुटका. बॉयलरचं प्रमाणपत्र कायमचं रद्द. मालक-मॅनेजरवरची चौकशी मात्र तिथेच बंद, कारण गुन्हेगार सापडलेला.

“बाई, तुमची हरकत?” त्यांनी आनंदीबाईंना विचारलं.

आनंदीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “सौरभचं वर्ससराद जवळ आलंय,” त्या म्हणाल्या. “घरात बापय माणूस न्हाई. हा घरी येऊ दे.”

“आरोपीचं काय?”

बाबासोने बहिणीकडे बघितलं. “आक्का म्हणती तसं,” तो म्हणाला.

सह्या झाल्या. किती सोपं गेलं, असं मला वाटलं आणि मी पुढची फाईल ओढली.

चारनंतर त्याला वर आणलं. चेंबरमध्ये न्यायाधीश, आरोपी आणि यंत्र चालवणारी शिरीन मुजावर एवढेच असायचे. शिरीन तंत्रज्ञ, दोन मुलांची आई, कोर्टात मोजून मापून बोलणारी. बाबासोच्या मनगटाला पट्टा लावला आणि यंत्राने आकडाच दाखवला नाही. शिरीनने दार उघडून मला आत बोलावलं. पट्ट्यातली ठोके टिपणारी पट्टी खराब झाली होती. नवी लावली की यंत्र एकदा दुसऱ्या कुणावर तरी तपासून घ्यावं लागतं. न्यायाधीशांवर चालत नाही, आरोपीवर चालत नाही, आणि चालवणाऱ्याला पडद्याकडे बघावं लागतं. उरले मी.

बाबासोला बाहेर बाकावर बसवलं. साहेब गुडघा चोळत खिडकीशी उभे राहिले. शिरीनने पट्टा माझ्या मनगटाला लावला, कपाळाला चकत्या चिकटवल्या. तपासणीत रंग फक्त यंत्राच्या पडद्यावर उमटायचा.

“मॅडम, तुमच्या मनाविरुद्ध असेल असं काहीतरी म्हणा. लाल यायला पाहिजे.”

मला पटकन काही सुचेना. मग म्हणाले, “बाबासो चौगुलेनं गुन्हा कबूल करावा, असा माझा सल्ला आहे.”

ते वाक्य कसं तोंडात आलं कोण जाणे. पण तो माझा सल्ला नव्हता, एवढं मला बोलताबोलताच कळलं. सह्या मीच घडवून आणल्या होत्या, तरी नव्हता.

हिरवा आला.

शिरीनने कपाळावरच्या चकत्या काढून पुन्हा लावल्या. “परत म्हणा.”

परत म्हटलं. परत हिरवा. तिने दुसरी पट्टी काढली, तीही लावली. मग मी माझ्या मुलीबद्दल एक अत्यंत खोटं आणि वाईट वाक्य म्हटलं, जे मी कधी कुणासमोर म्हणणार नाही. हिरवा. यंत्र निवांत होतं.

“यंत्र बिघडलंय,” खिडकीजवळून साहेब म्हणाले.

शिरीनने पट्टा स्वतःच्या मनगटाला लावला. “मला इथली नोकरी आवडत नाही,” ती म्हणाली, आणि लाल आला. ती जरा ओशाळली. साहेब हसले. मी मात्र पडद्याकडे बघत होते. तिच्या रेषा वरखाली उड्या मारत होत्या. माझ्या रेषा, शेजारच्या चौकटीत अजून होत्या त्या, जमिनीला टेकल्यासारख्या पडून होत्या.

“तुम्ही आज जेवलात का, मॅडम?” शिरीनने विचारलं.

“नाही. सकाळपासून उभी आहे.”

“रात्री झोप?”

“कसली झोप. चार फायली होत्या.”

तिने मनगटावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाली, “आम्हाला ट्रेनिंगला सांगितलं होतं, याची चाचणी कॉलेजातल्या मुलांवर घेतली. सकाळी. नाश्ता देऊन.”

दोघींच्याही डोक्यात एकाच वेळी आलं, पण म्हणायला कुणी धजेना. शरीराला विरोध करायलाही ताकद लागते. घाम सुटायला, छाती धडधडायला, बाहुल्या मोठ्या व्हायला आत काहीतरी शिल्लक असावं लागतं. माणूस एका दिवसात दमतो तेव्हा त्या रेषा जरा खाली बसतात. महिनोन्‌महिने दमत राहिला, रोज घाबरत राहिला, तर शरीर घाबरणंच सोडून देतं. डॉक्टर लोकांना हे कधीचं ठाऊक आहे. मग त्या माणसाला काहीही विचारा. तो हो म्हणेल, आणि त्याच्या आतून कुणी नाही म्हणणार नाही. यंत्र बिघडलेलं नव्हतं. विरोध नाही, एवढंच ते सांगत होतं, आणि ते खरं होतं.

“पुढची तारीख द्या सर,” मी म्हणाले. “आणि सकाळची द्या.”

“सकाळी लाल येतो हो, बाई.”

“येऊ दे.”

साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं. ते ऐकत होते, खिडकीकडे तोंड असलं तरी. “याचं पुढं काय होईल, कळतंय ना तुम्हाला?” ते म्हणाले. मला कळत होतं, मागची प्रत्येक कबुली संशयात येणार होती. एवढ्या वर्षांचे हिरवे दिवे माझ्या डोळ्यांसमोर येऊ बघत होते, आणि मी त्यांना येऊ दिलं नाही. त्यांचा विचार करायची ताकद त्या संध्याकाळी माझ्यात नव्हती. एका माणसाची तारीख सकाळची मिळाली, तेवढंच घेऊन मी घरी गेले आणि न जेवता झोपले.

दोन दिवसांनी तुरुंगात बाबासोला भेटायला गेले. जाळीपलीकडे तो खांदे पाडून बसला होता. सगळं त्याला सांगितलं, जमेल तितक्या सोप्या भाषेत. शेवटी म्हणाले, “आता तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. आहात तसेच या, चारनंतर या, हिरवा येईल आणि त्याच दिवशी घरी जाल. नाहीतर खाऊन-झोपून सकाळी या. मग मनात नसताना कबूल केलंत तर लाल येईल. तडजोड मोडेल. खटला उभा राहील, आणि तोवर तुम्ही आत.”

त्याने दोन बोटं पुढं केली. “म्हंजे दमून गेलो तर घरी, आन ताजा होऊन गेलो तर आत?”

“हो.”

“हे उलटं हाय की, बाई.”

“उलटंच आहे.”

“बरं, तुमी सांगा, काय करू?”

हा प्रश्न मला नको होता. वकिलाला तो रोज विचारतात आणि वकील रोज त्याचं उत्तर देतो, त्यासाठीच तो असतो. पण मी स्वतः किती दमले आहे हे दोन दिवसांपूर्वीच पडद्यावर बघितलं होतं. माझ्या सल्ल्यावर माझाच विश्वास राहिला नव्हता. तसं मी त्याला सांगून टाकलं.

तो पहिल्यांदा जरासा हसला. “मग आधी झोपू द्या मला,” तो म्हणाला. “झोपंत असताना इचारलासा तर काय सांगू? झोपून उठतो, मग सांगतो.”

मी साहेबांकडे अर्ज केला की आरोपीचा रक्तदाब तपासावा. साहेबांनी सही केली, कशासाठी ते विचारलं नाही. तारखेपर्यंत बाबासोला तुरुंगाच्या दवाखान्यात खाट मिळाली. पहिले दोन दिवस तो जेवणापुरताही उठला नाही, असं तिथला डॉक्टर मला फोनवर म्हणाला. त्याला वाटलं माणूस आजारी आहे.

तारखेच्या सकाळी आनंदीबाई डबा घेऊन आल्या. कोठडीतल्या माणसाला घरचं जेवण द्यायला हवालदार सहसा नाही म्हणत नाहीत. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि कागदात बांधलेला कांदा. गजांतून त्यांनी एकेक पुढं केलं. बाबासो मांडी घालून जेवायला बसला. दाढी केलेली, डोळे धुतल्यासारखे. मी भिंतीला टेकून उभी राहिले. निघून जायला हवं होतं, पण गेले नाही.

अर्धी भाकरी झाल्यावर तो थांबला.

“आक्का, एक इचारू?”

“जेव आधी.”

“तुला काय वाटतं? बोल्ट मी घातला?”

आनंदीबाईंचा हात डब्यावर तसाच राहिला. एवढे महिने गेले होते, बैठक झाली होती, दोघांच्या सह्या झाल्या होत्या आणि हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता.

“पयल्या दिवशी मला काय कळंना,” त्या म्हणाल्या. “लोक म्हणतील ते खरं वाटायचं. मग आठवाय लागलं. सौरभ घरी येऊन सांगायचा, मामा दाबाच्या काट्याकडं बघितल्याबिगर पाणी बी पीत न्हाई. मला म्हणायचा, लई कटकट करतो मामा.” त्या थांबल्या. “तू न्हाई घातलास.”

“मग बैठकीत हो का म्हणालीस?”

“तू दमलावतास. तुला घरी यायचं असंल, असं वाटलं मला.”

“मी तर तुझ्यासाठी म्हणालो. तुला वरसाला माणूस पायजे म्हणून.”

मग आनंदीबाई जरा वैतागूनच बोलल्या, थोरल्या बहिणी बोलतात तशा. “बाबू, आज मला ठाऊक हाय तू न्हाई केलंस. तू साहेबापुढं केलं म्हणून आलास, तर उद्या सौरभच्या फोटोपुढं तुला पाटावर बसवताना माझ्या मनात काय यील, हे मला ठाऊक न्हाई. मी बी माणूसच हाय. आता तुझं तू बघ. मी परत काय म्हणणार न्हाई.”

बाबासोने उरलेली भाकरी संपवली. कांदाही खाल्ला. हात धुतले आणि हवालदाराबरोबर जिना चढू लागला. मी मागून गेले. काय ठरलं, हे मी विचारलं नाही.

त्या दिवशी तडजोडीचं प्रकरण सकाळी पुकारलं गेलं म्हणून गुंडाप्पाला चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं. चेंबरचं दार लागलं. आनंदीबाई आणि मी बाकावर बसलो, रिकामा डबा दोघींच्या मध्ये. लाल आला तर काय, याची तयारी मी मनात केली होती. तडजोड मोडली म्हणून सरकारी वकील चिडतील, बाबासो पुन्हा गर्दीत जाईल, आणि काही महिन्यांनी, पुरेसा दमला की, हीच तडजोड पुन्हा त्याच्यापुढं येईल. मग तो हिरवा येईल. म्हणजे लाल येऊनही काही बदलणार नव्हतं, आणि हे मी आनंदीबाईंना सांगितलेलं नव्हतं.

दिवा लागला. हिरवा.

चांगला ठसठशीत हिरवा, जराही न लुकलुकता. आनंदीबाईंनी तो बघितला आणि डबा उचलून मांडीवर घेतला.

“झालं?” त्या म्हणाल्या.

“झालं,” मी म्हणाले.

मला वाईट वाटलं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे सुटल्यासारखंही वाटलं. तो झोपला होता, जेवला होता, बहिणीशी बोलला होता आणि तरी त्याने कबूल केलं, तर ती त्याची मर्जी. मला आता काही करायला नको. पुढची फाईल कुठली, हेही माझ्या मनात येऊन गेलं.

दार उघडलं. शिरीन होती. तिचा चेहरा काहीतरी वेगळाच झाला होता. “मॅडम, आत या. साहेब बोलवतायत.”

साहेब खुर्चीत मागे रेलून बसले होते. बाबासो समोर ताठ बसलेला, मनगटावर पट्टा तसाच. पडद्यावर त्याच्या रेषा सरळ नव्हत्या. जिवंत माणसाच्या असतात तशा चालू होत्या, पण ओढाताण कुठे नव्हती.

“हा नाही म्हणतोय,” साहेब म्हणाले.

“काय?”

“मी विचारलं, आपल्या मर्जीने गुन्हा कबूल करता का. हा म्हणाला, नाही. मी गुन्हा केलेला नाही, मला खटला चालवायचा आहे. आणि हिरवा आला.”

शिरीन पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, “हिरवा आला की पुढं एकच बटण येतं सर, ‘कबुली मान्य’. दुसरं काही दाबायलाच नाही. नाही म्हणणारा हिरवा, असं यात घेतलेलंच नाहीये.”

यंत्र दाबण्याची वाट बघत होतं. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग हात लांब करून त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं आणि टेबलाच्या खणातून पेन काढलं. ते चालेना. मी माझं दिलं.

“आरोपी गुन्हा नाकबूल करतो,” ते लिहितालिहिता मोठ्याने म्हणत होते. “खटला चालवण्यात यावा. मॅनेजर आणि मालक यांना साक्षीसाठी समन्स. पीडिताची आई, साक्षीदार.” ते थांबले. “बाई, उलटतपासणी घ्यायला येते ना अजून?”

“आठवावी लागेल, सर.”

“मलाही आठवावं लागेल,” ते म्हणाले. “शुक्रवार, दुपार. नको. शुक्रवार सकाळ. जामिनाचा अर्ज त्याच दिवशी घेऊ. देईनच असं म्हणत नाही.” मग त्यांनी गुंडाप्पाला हाक मारली आणि पिंजरा रिकामा करायला सांगितलं.

बाबासो बाहेर आला तेव्हा आनंदीबाई दारातच उभ्या होत्या. हवालदाराने त्याचा दंड धरलेला होता, त्यावरूनच त्या काय ते समजल्या. तरी विचारलं. “घरी न्हाई?”

“न्हाई, आक्का.”

“बरं.”

“सौरभच्या वरसाला माझं पान वाढ,” तो म्हणाला. “मी नसलो तरी वाढ.”

“वाढते,” त्या म्हणाल्या. “मामाचं पान मामाच्याच जागंवर वाढते.”

त्याला खाली नेलं. जिन्यावरून जाताना तो एकदाही मागे वळला नाही, आणि मला ते बरं वाटलं. कोर्टाच्या खोलीत गुंडाप्पा खोके ओढत होता, पुटपुटत होता. कागदांच्या मागून एक मोडका पंखा निघाला, कुणाची तरी छत्री निघाली. मी फाईल उघडून बसले. मॅनेजरला पहिला प्रश्न कुठला विचारायचा, ते मला सुचेना. कधीकाळी असे प्रश्न मला रस्त्याने चालताना सुचायचे. मी एक प्रश्न लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. दमणूक तशीच होती, ती एका दिवसात जाणार नव्हती.

साक्षीचं कळल्यावर आनंदीबाई आत येऊन पिंजऱ्याशी उभ्या राहिल्या. “इथं उभं राहायचं का मला?”

“हो. शुक्रवारी. काय झालं ते सगळं सांगायचं. तिकडचे वकील उलटसुलट विचारतील.”

“येळ लागंल?”

“बराच.”

त्यांनी पदराने कठड्यावरची धूळ पुसली, एक पायरी चढून आत गेल्या आणि डबा कठड्यावर ठेवला. मग इकडेतिकडे बघितलं.

“इथं बसायला काय न्हाई व्हय?”

“नाही.”

“असू दे,” त्या म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या.